घरात सल्लागार चार आणि पैसे अकरा लाख

पत्र असं आहे : "नमस्कार. मी पूर्णा तालुक्यातला, वय ४६, नाव छापू नका. जालना-नांदेड महामार्गात आमची सव्वा एकर गेली, साडेतीन एकर राहिली. मोबदल्यातून बहिणीचा हिस्सा दिला, घराचं काम केलं, राहिलेले ११ लाख आठ महिन्यांपासून बचत खात्यात पडून आहेत. गावात किराणा दुकान आहे, त्याच्यावर घर चालतं. पीककर्ज १ लाख ६० हजार आहे. बायकोचं साडेतीन तोळे सोनं एका फायनान्स कंपनीत १ लाख ४० हजारावर गहाण आहे, १४ टक्क्यानं. पोरगा संभाजीनगरला बीसीए करतो, पोरगी नववीला आहे, दहावीनंतर नीटसाठी लातूरला जायचं म्हणते. आई ६८ वर्षांची. सोयाबीन सप्टेंबरच्या पाण्यात गेलं. आता मेव्हणा म्हणतो प्लॉट घ्या, पिग्मीवाला म्हणतो मल्टिस्टेटमध्ये टाका १३ टक्के मिळतील, पोरगा म्हणतो मी ऑप्शन ट्रेडिंग शिकलोय, आई म्हणते सोनं घे. टीव्ही लावला की टॅरिफ, युद्ध, मंदी. कुठं टाकू? का थांबू? आणि मेव्हण्याला काय सांगू, तो रोज फोन करायलाय."

भाऊ, चौघांचं नंतर बघू, आधी तुम्ही पत्रात जी गोष्ट जाता जाता लिहून टाकली तिच्याबद्दल बोलू. तुमचे ११ लाख बचत खात्यात आहेत म्हणजे मोठ्या बँकेत साधारण अडीच टक्के व्याज, आणि त्याच घरात १ लाख ४० हजाराचं कर्ज १४ टक्क्यानं चालू आहे. वर्षाला १९,६०० रुपये व्याज तुम्ही भरायलेत आणि तेवढ्याच रकमेवर बँक तुम्हाला द्यायलीय साडेतीन हजार. आठ महिन्यांत १३ हजार तर गेलेच. कुठं टाकू विचारता ना, मग १४ टक्के खात्रीनं, कसलीही जोखीम न घेता मिळवून देणारी जागा तुमच्याकडं आहेच, ते सोनं सोडवा. उद्याच जा. जाताना गहाण ठेवतानाची पावती न्या, त्यावर एकेक दागिना आणि वजन लिहिलेलं असतं, काउंटरवरच वजन करून घ्या, वहिनींना सोबत घेऊन जा कारण कुठल्या पाटल्यांचा पेच ढिला होता हे त्यांनाच माहीत असतं, आणि कर्ज बंद झाल्याचं लेखी घेतल्याशिवाय उठू नका.

आणि बघा, इथंच आईंचा प्रश्न पण सुटतो. सोन्याचा भाव एप्रिल २०२५ मध्ये पहिल्यांदा तोळ्याला लाखावर गेला, आणि भाव वाढला की घरोघरी म्हातारी माणसं म्हणतात बघ, तेव्हाच घे म्हणलं होतं. त्यांचं चुकत नाही. पण साडेतीन तोळे सोडवून आणले म्हणजे साडेतीन लाखाच्या वरचं सोनं घरात आलं, तुमच्या ११ लाखाच्या मानानं ते भरपूर झालं, अजून नवीन कशाला. नवीन दागिना घेतला की ३ टक्के जीएसटी, वर घडणावळ, विकायला गेलं की सराफ घट धरतो, म्हणजे दुकानाच्या पायरीवरच दहा-पंधरा टक्के गेले. शिवाय सोनं नुसतं वर जातं असं पण नाही, २०१२-१३ ला तोळा ३० हजाराच्या आसपास होता आणि २०१८ ला पण तिथंच घोटाळत होता, पाच-सहा वर्षं लोक नुसते बघत बसले. सरकारी सुवर्णरोखे चांगले होते, वर अडीच टक्के व्याज मिळायचं, पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन काढलेलेच नाहीत. पोरीच्या लग्नाचं म्हणून घ्यायचंच असेल तर पुढं दरवर्षी थोडं थोडं घ्या, हॉलमार्क आणि दागिन्यावरचा ओळखीचा सहा अक्षरी एचयूआयडी नंबर बघून, आणि पक्कं बिल घ्या.

पीककर्जाचं मात्र उलटं आहे. ते फेडायची घाई नको. ३ लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज जवळजवळ शून्यावर येतं, इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडं कुठंच मिळणार नाही. फक्त तारीख चुकवायची नाही. आपल्याकडं एक सवय आहे, माफी येईल म्हणून थांबायचं, आणि माफी येते तेव्हा यादीत आपलं नाव नसतं आणि सवलतीचं व्याज पण हातचं जातं. तुमच्या खात्यात पैसे आहेत, मुदतीच्या आत भरा आणि परत उचला.

आता मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणारी सहकारी पतसंस्था. इथं जरा जास्त बोलतो, कारण पत्रं मला या एका विषयावरची सगळ्यात जास्त येतात आणि बहुतेक सगळी पैसे अडकल्यावर येतात. तुमचा पिग्मीवाला वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही, रोज संध्याकाळी दुकानावर येतो, शंभर-दोनशे नेतो, चहा पितो, तुमच्या आईला मावशी म्हणतो. पण त्याच्या हातात फक्त पावतीबुक आहे, तिजोरी नाही. २०२३ मध्ये बीडला काय झालं, संभाजीनगरला काय झालं, ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. काचेची दारं, एसी, चेअरमनचा मोठा फोटो, सगळं होतं. रिटायर मास्तर, एसटीतले कंडक्टर, पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, आणि एका सकाळी शटर अर्धं खाली आणि बाहेर लोक पावत्या हातात धरून उभे. त्या पावत्यांना लोकांनी प्लॅस्टिकचं कव्हर घालून ठेवलं होतं, जपून.

१३ टक्के येतात कुठून, एवढा एकच प्रश्न त्याला विचारा. संस्था तुम्हाला १३ देणार, एजंटाला कमिशन देणार, शाखेचं भाडं, पगार, म्हणजे तिला पुढं सतरा-अठरानं तरी कर्ज द्यावं लागणार. आता बँक दहा-अकरानं देत असताना अठरानं कोण घेतो? ज्याला बँकेनं दारातून परत पाठवलंय तो, नसता मग चेअरमनचीच दुसरी कंपनी. दोन्हीकडून पैसे परत यायची गॅरंटी काय ते तुम्हीच ठरवा. मल्टिस्टेट संस्था २००२ च्या केंद्राच्या कायद्याखाली नोंदलेल्या असतात, त्यांचा रजिस्ट्रार दिल्लीत, रिझर्व्ह बँकेची त्यांच्यावर बँकेसारखी देखरेख नाही आणि ठेवीला विमा नाही. बँकेतल्या ठेवीला असतो, एका बँकेत एका माणसाचे सगळ्या शाखांमधले मिळून ५ लाखापर्यंत, व्याज धरून. आधी हा १ लाखच होता, फेब्रुवारी २०२० पासून ५ झाला, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ते पैसे द्यायचे असा नियम झाला. मल्टिस्टेटला नाही, गावच्या पतसंस्थेला नाही. तिथं बुडालं तर ठेवीदारांसाठीचा राज्याचा १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, संचालकांची मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो, पण ते कोर्टाच्या वेगानं, आणि तोवर तुमची पोरगी बारावी होऊन बसलेली असेल.

शिवाय हिशोबानं पण बघा. समजा ५ लाख टाकले. बँकेत साडेसहा मिळतात, तिकडं तेरा, म्हणजे वर्षाला जास्तीचे ३२,५०० रुपये. मुद्दल बुडालं तर ते नुसत्या जास्तीच्या व्याजातून भरून यायला पंधरा वर्षं लागतात. एवढ्या ३२ हजारासाठी ५ लाख पणाला लावायचे का. मी तर नाही म्हणतो. दुकानाच्या ओळखीपोटी महिना दोन-तीन हजाराची पिग्मी चालू ठेवायची असेल तर ठेवा, बुडाली तर राग येईल पण घर बसणार नाही.

मेव्हण्याच्या प्लॉटचं बोलू. प्लॉट वाईटच असतो असं नाही, संभाजीनगरला वीस वर्षांपूर्वी घेतलेल्यांचं कल्याण झालंय, त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो, ज्यांचे प्लॉट अजून बाभळीत आहेत ते लग्नात बसून सांगत नाहीत. तुम्हाला दाखवलेलं काय असणार ते मला डोळ्यासमोर दिसतं, फक्कीच्या पांढऱ्या रेषा, चार रंगीत झेंडे, एक कमान, आणि "विमानतळापासून १५ मिनिटं" लिहिलेला फ्लेक्स. त्या १५ मिनिटांवर जाऊ नका, सातबारावर जा. आपला भाग निजामाच्या राज्यातला, इथं इनाम, मदतमाश, वक्फ, वर्ग २ अशा विकायला बंधन असलेल्या जमिनी गावोगाव आहेत, सातबारावर भोगवटादार वर्ग काय लिहिलाय आणि इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय इसार म्हणून ५ हजार पण द्यायचे नाहीत. एनए ऑर्डर, मंजूर लेआउट, जुने फेरफार, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. आणि प्रकल्प ५०० चौरस मीटरच्या वरचा आणि ८ प्लॉटांपेक्षा मोठा असेल तर महारेराचा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर लागतो, तो त्यांच्या वेबसाइटवर स्वतः टाकून बघायचा, माहितीपत्रकावर छापलेला आहे म्हणून भागत नाही. गुंठेवारीचा बाँडवर लिहून दिलेला तुकडा तर फुकट दिला तरी घेऊ नका.

आणि हे सगळं स्वच्छ निघालं तरी माझं तुम्हाला उत्तर नको असंच आहे. कारण पोरीला दोन वर्षांनी लातूरला पाठवायचं आहे. जूनमध्ये क्लासची फी भरायची, होस्टेलचं डिपॉझिट द्यायचं, तेव्हा प्लॉट विकायला काढाल तर गरजू बघून गिऱ्हाईक पाडून मागणार, अर्धा प्लॉट विकता येत नाही, आणि घेताना स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रीचे सहा-सात टक्के गेले ते वेगळेच. आपल्याकडं पैसा व्याज कमी पडलं म्हणून बुडत नाही भाऊ, तो अडकतो. घर चालवणाऱ्या माणसानं आधी बघायचं ते हे की पाहिजे त्या दिवशी निघतो का, किती दिवसात निघतो, निघताना किती कापला जातो, कोण अडवू शकतो. कितीनं वाढतो हे त्याच्यानंतर. म्हणून मी तुमचे पैसे कधी लागणार त्या हिशोबानं मांडतो, कुठल्या योजनेचं व्याज जास्त त्या हिशोबानं नाही.

सोनं सोडवल्यावर राहतात ९ लाख ६०. त्यातले १ लाख ६० कशालाच लावू नका. दुकानाचा माल, दवाखाना, एखादी मयत, कुणाचं लग्न, यासाठी. बचत खात्यालाच जोडलेली एफडी बँका करून देतात, लागतील तेवढे मोडतात, बाकीच्यावर एफडीचं व्याज चालू राहतं, ती मागा. दवाखान्यासाठी महात्मा फुले योजनेत कुटुंबाला ५ लाखापर्यंत आहे खरं, रेशनकार्ड आणि आधार नीट जोडून ठेवा, पण ती ठरावीक दवाखान्यांत आणि ठरावीक उपचारांना चालते, आणि नांदेडला रात्री दोन वाजता खाजगी दवाखाना आधी ५० हजार भरा म्हणतो तेव्हा खात्यात असलेलेच कामाला येतात.

पोरीचे २ लाख, बँकेत दोन पावत्या करा, एक तिच्या अकरावीच्या जूनला संपणारी आणि एक पुढच्या जूनला. मोठ्या बँकेत. व्याज सहा-साडेसहा मिळेल, रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्ये रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वापाचवर आणला त्यामुळं एफडीचे दर उतरलेत, वाईट वाटून घेऊ नका, या पैशाला वाढायचं काम नाहीच, त्याला त्या दिवशी हजर राहायचं काम आहे. हे २ लाख शेअरमध्ये नको, म्युच्युअल फंडात नको, पोरानं कितीही सांगितलं तरी.

आईच्या नावावर ३ लाख, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. ६० च्या वरच्या माणसाला मिळते, आत्ता ८.२ टक्के, पाच वर्षं, आणि ज्या दिवशी उघडलं त्या दिवशीचा दर पाचही वर्षं तोच राहतो, सरकारनं नंतर कमी केला तरी. बाहेर व्याज उतरायलंय तेव्हा या गोष्टीला फार किंमत आहे. ३ लाखाचे दर तिमाहीला ६,१५० रुपये आईच्या खात्यात येतील, औषधपाण्याला, देवाधर्माला कुणाकडं हात पसरायला नको. मध्येच काढायची वेळ आली तर वर्षानंतर दीड टक्का, दोन वर्षांनंतर एक टक्का कापून मिळतात, म्हणजे कडी आतून लागलेली नाही. फक्त पोस्टात जायच्या आधी आईचं आधार बघा. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख आधारवर १ जानेवारी असते, कॅम्पवाल्यानं अंदाजानं टाकलेली, त्यात कधी दहा वर्षं कमी होऊन बसलेली असतात आणि ६८ ची माय कागदावर ५८ ची निघते. पॅन कार्ड नसेल तर काढा, दोन्हीवर नाव सारखं पाहिजे, १ लाखाच्या वरचे पैसे चेकनं द्यावे लागतात. आणि एक नाजूक गोष्ट, आईच्या नावावर टाकले म्हणजे कायद्यानं ते आईचे झाले, नॉमिनी तुम्ही असलात तरी नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, वारस सगळे असतात, बहीण पण. बहिणीला तिचा हिस्सा तुम्ही दिला ही मोठी गोष्ट केली, हे ३ लाख कुणाचे आहेत हे पण तिच्यासमोरच बोलून ठेवा आणि आईचं साधं मृत्युपत्र करून घ्या, दोन साक्षीदार पुरतात.

मग राहिले ३ लाख. त्यातले २ लाख बाजारात घाला असं मी म्हणणार आहे आणि तुम्ही दचकणार आहात. तुम्ही विचारलं थांबू का. कशासाठी थांबायचं सांगा, सगळं स्थिर कधी होतं आपल्याकडं? २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, २०२० ला लॉकडाऊन, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इतकं पाणी आलं की माती खरडून गेली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ होता आणि मोंढ्यात त्याच्या खालीच. बाजाराचं पण तसंच आहे, जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१ हजारावर होता, मार्च २००९ ला ८ हजाराच्या आसपास. जानेवारी २०२० ला ४२ हजाराला टेकला, २३ मार्चला एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडून २६ हजाराच्या खाली आला, आणि दिवाळी उरकेपर्यंत परत वर. कुणाला आधी कळलं नाही, टीव्हीवर टाय लावून बसणाऱ्यांना पण नाही. त्यामुळं पडेल तेव्हा घालू म्हणून थांबलेला माणूस पडल्यावर अजून पडेल म्हणून थांबतो.

यावर साधा उपाय, निफ्टी ५० चा इंडेक्स फंड, म्हणजे देशातल्या ५० मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा म्युच्युअल फंड, त्याचा डायरेक्ट प्लॅन, महिन्याला २० हजार असे दहा महिने. एकदम नाही. पडला तर पुढचा हप्ता स्वस्तात लागतो, चढला तर आधीचे वाढलेले असतात. डायरेक्ट प्लॅन म्हणजे मध्ये एजंट नाही, त्याचं कमिशन दरवर्षी आपल्या पैशातून जात नाही. पण अट एकच, हे पैसे सात वर्षं तरी विसरायचे, मध्ये २ लाखाचे सव्वा लाख दिसले तर बघून परत मोबाइल खिशात ठेवायचा. तुम्हाला हे जमणार नसेल, रात्री झोप लागणार नसेल, तर सरळ सरकारी पीपीएफ खातं काढा, ७.१ टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत, पंधरा वर्षं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता शेवटचा १ लाख. राहिलेल्या साडेतीन एकराला ठिबक आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. नसेल तर सरकारच्या महाडीबीटी वेबसाइटवर अर्ज टाका, अल्पभूधारकाला केंद्र आणि राज्य मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण आधी आपल्या खिशातून भरावे लागतात आणि अनुदान यायला कधी कधी पुढचा हंगाम उजाडतो, त्यासाठी हे पैसे. बोअर मात्र मारू नका. सातशे फूट गेलो तरी फुफाटाच निघाला असं सांगणारी माणसं तुमच्या पण गल्लीत असतील. आणि तुमचा टर्म इन्शुरन्स काढा, म्हणजे माणूस गेला तरच घरच्यांना रक्कम देणारा विमा, ५० लाखाचा तरी, कारण सगळं घर तुमच्या एकट्याच्या दोन हातावर आहे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी काढून टाकलाय, तेवढा हप्ता हलका झाला. दारू, तंबाखू, शुगर काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा, लपवलं तर क्लेमच्या वेळेला वहिनींना चकरा मारायला लागतील.

विम्यावरून आठवलं. ११ लाख बचत खात्यात दिसले की बँकेतलाच कुणीतरी तुम्हाला आत केबिनमध्ये बसवतो, पाणी देतो, "काका, एफडीपेक्षा भारी स्कीम आलीय, पाच वर्षंच भरायचं" म्हणतो. ती बहुतेक वेळा विमा पॉलिसी असते. एफडी म्हणून सही करता आणि पुढच्या वर्षी परत हप्ता भरा म्हणून फोन येतो. कागदावर प्रीमियम हा शब्द दिसला की उठायचं. चुकून सही झालीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तेवढं ध्यानात ठेवा. मोबदल्याच्या पैशाच्या टॅक्सबद्दल पण तुम्हाला कुणी घाबरवलं असेल, सक्तीच्या संपादनाच्या मोबदल्याला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ नं इन्कम टॅक्स माफ आहे, अवॉर्डची प्रत जपून ठेवा. त्याच्यावर पुढं जे व्याज मिळेल ते मात्र उत्पन्नात धरायचं.

पोराचं राहिलं. त्यानं तुम्हाला मोबाइलवर सहा-सात हजार फायद्याचा स्क्रीनशॉट दाखवला असणार, सगळेच दाखवतात, तोट्याचा स्क्रीनशॉट कुणी काढत नाही. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतः आकडे मांडले, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे भाव पुढं चढेल की पडेल यावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या १ कोटीच्या वर साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी २ लाख एकेकाचे, सगळ्यांचे मिळून १ लाख ८० हजार कोटींच्या वर. समोर मोठमोठ्या कंपन्यांचे कॉम्प्युटर बसलेत आणि इकडं पोरगं होस्टेलच्या कॉटवर मोबाइल घेऊन. त्याला रागावू नका, रागावलात तर लपून करेल आणि मित्राकडून उसने घेऊन करेल, ते जास्त वाईट. त्याला हे आकडे वाचायला द्या, आणि त्या इंडेक्स फंडाचं काम त्याच्याकडंच सोपवा, खातं तुमच्या नावावर, ओटीपी तुमच्या मोबाइलवर, पण केवायसी करणं, दर महिन्याचा हप्ता गेला का बघणं, तुम्हाला समजावून सांगणं हे त्याचं. टेलिग्रामवर रोज दोन टक्के देतो म्हणणारा ग्रुप त्याच्या मोबाइलमध्ये असेल तर तुमच्या समोर डिलीट करायला लावा, पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा.

आणि मेव्हण्याला काय सांगायचं. प्लॉट वाईट आहे असं म्हणू नका, तो वाद घालेल, नवीन लेआउट दाखवेल, त्याच्या बहिणीला, म्हणजे वहिनींना, मध्ये घालेल. त्याला त्यात कमिशन आहे का हे तर मुळीच विचारू नका, असलं तरी नाही म्हणेल आणि दिवाळीला येणार नाही. सांगा की सोनं सोडवलं, आईच्या नावानं पोस्टात टाकले, पोरीची फी बाजूला काढली, आता हातात काही नाही. यातला एक शब्द पण खोटा नसेल, फक्त हे सगळं त्याचा पुढचा फोन यायच्या आत करून टाका. तो म्हणेल दाजी, एक बार येऊन जागा तर बघा. जा, बघून या, त्याच्याकडं जेवून या, चेकबुक घरी ठेवा.